काकांच्या माळा आणि आमचा खटका

समोरच्या काकू खोकं घेऊन आल्या तेव्हा मी घरी नसतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण रविवार होता, मी घरी होतो आणि दारही मीच उघडलं. मध्यमवर्गीय माणसावरची बहुतेक संकटं तो सुट्टीच्या दिवशी घरी सापडतो म्हणूनच येतात, असं माझं अनुभवाअंती झालेलं मत आहे.

खोक्यात काकांच्या दिव्यांच्या माळा होत्या. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत आमच्या गल्लीत प्रत्येक जण घरावर बाहेरून माळा सोडतो. आम्ही इथे राहायला आलो आणि त्याच महिन्यात समोरचे काका गेले, त्यामुळे त्यांची रोषणाई आम्ही पाहिली नव्हती, नुसती ख्याती ऐकली होती. आता काकूंनी घर विकलं होतं. पुढच्या रविवारी सकाळी सामानाचा ट्रक येणार आणि काकू मुलाकडे कायमच्या राहायला जाणार, असं ठरलं होतं.

"अरे, एक काम होतं," काकू म्हणाल्या. "नवे मालक म्हणतात, भिंतीला आता खिळासुद्धा लावू नका. ह्या माळा तुझ्या घरावर लावशील का? मला खिडकीतून दिसतील. जाईपर्यंत बघेन म्हणते."

"त्यात काय, काकू!" मी म्हणालो. "आज संध्याकाळी लागल्याच समजा."

माणसाच्या तोंडून 'त्यात काय' निघालं की त्यात बरंच काही आहे असं समजावं. पण हे शहाणपण मला नंतर आलं. त्या वेळी मी खोकं छातीशी धरून उभा होतो आणि काकू डोळ्यांना पदर लावत रस्ता ओलांडत होत्या. मला एकदम कर्तबगार असल्यासारखं वाटलं. बायकोने आतून हे सगळं ऐकलं होतं. "मागच्या वेळी न्हाणीघरातला बल्ब बदलताना तुम्ही होल्डरसकट खाली आला होता," एवढंच ती म्हणाली आणि परत भाजी निवडायला लागली.

शिडी डावीकडच्या शेजाऱ्यांकडे मिळाली. त्यांना गल्लीत फ्रीजवाले म्हणतात. सगळी नोकरी त्यांनी शीतगृहात काढली आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचं मूळ थंडीत आहे अशी त्यांची पक्की समजूत आहे. त्यांची शिडी एकटी कधीच येत नाही, तिच्यामागून ते येतात. उजवीकडचे शेजारी औषधवाले. नाक्यावर त्यांचं औषधांचं दुकान आहे. ते रस्त्याने जाता जाता थांबले आणि कुंपणावर कोपरं टेकून उभे राहिले. अशा रीतीने मी शिडीवर, दोन सल्लागार खाली आणि बायको खिडकीत, अशी कार्याला सुरुवात झाली.

"काकांची बातच वेगळी होती," फ्रीजवाले म्हणाले. "रोज संध्याकाळी स्वतः शिडीवर! कितीही थंडी असो, देखभाल म्हणजे देखभाल. आम्ही आपले दारं-खिडक्या लावून आत शेगडीपाशी, आणि काका बाहेर."

"तब्येतीकडे बघायला हवं होतं," औषधवाले म्हणाले.

मी पत्र्याच्या कडेने, खिडक्यांभोवती आणि पुढच्या झुडपांवरून माळा सोडल्या. एकीची पिन दुसरीच्या टोकाला, दुसरीची तिसरीला, असे जोड करत करत सगळ्या मिळून एका एक्स्टेंशनच्या वायरला जोडल्या आणि ती वायर खिडकीतून आत घेतली. अंधार पडला. समोरच्या खिडकीत काकू खुर्ची ओढून बसलेल्या दिसत होत्या. मी आत जाऊन बटण दाबलं.

दिवे लागले. लाल, पिवळे, हिरवे. बायकोच्या तोंडून "अगंबाई" निघालं. मी बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून मान वर केली, आणि घरातून 'खट्' असा आवाज आला. माळा गेल्या, पुढच्या खोलीचा दिवा गेला, टीव्हीतला माणूस वाक्याच्या मध्यावर गेला आणि आतून बायकोचा आवाज आला, "अहो, काय दिवे लावलेत हे!"

ह्या प्रकाराला वीजवाल्यांच्या भाषेत ट्रिप होणं म्हणतात, हे मला त्या संध्याकाळी समजलं. दाराशेजारच्या बोर्डावर एक जाडसर स्विच असतो. कुठे वीज गळायला लागली की त्याचा खटका आपोआप खाली पडतो आणि घरादाराचा प्राण जातो. मी खटका वर केला, तो पडला. माळांची पिन काढून वर केला, तो राहिला. पिन घातली, पडला. म्हणजे दिवे लावले की दिवे जात होते. हे वाक्य मी मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, पण त्याचा अर्थ काही लागेना.

इथे एक सांगायला हवं. मी विमा कंपनीत दावे विभागात आहे. अपघात का झाला हे ठरवणं हेच माझं काम. कुठल्या तरी घाटात उलटलेला ट्रक ब्रेकमुळे उलटला की ड्रायव्हरच्या झोपेमुळे, हे मी खुर्चीवरून न उठता सांगतो, आणि आजवर एकाही ट्रकने माझ्या निर्णयाविरुद्ध तक्रार केलेली नाही. असा माणूस स्वतःच्या अंगणात हातात पिन घेऊन उभा आणि त्याला कारण म्हणून सापडत नाही!

"केव्हापासून होतंय?" औषधवाल्यांनी कुंपणावरून विचारलं.

"आत्तापासून."

"संध्याकाळीच होतं का? थंडीत वाढतं?"

"अहो, आज पहिलीच संध्याकाळ आहे."

"मग दोन दिवस बघू या. आपोआप जातंही कधी कधी."

"थंडी!" फ्रीजवाले म्हणाले. "थंडीने तार आकसते. आकसली की ताणते. ताणली की..." पुढे काय होतं ते त्यांनी हाताने दाखवलं. मला ते कळलं नाही, पण मी मान हलवली. शिडी त्यांची होती.

बायकोला मात्र वेगळीच शंका आली. ती बाहेर आली, झुडपावरून हात फिरवला आणि तो माझ्या गालाला लावला. हात ओला होता. "दव पडतंय," ती म्हणाली. "जोडांत पाणी जातंय. थांबा, पिशव्या आणते."

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी आहे, तिच्यात पिशव्या आहेत. तिला हात लावायची मला परवानगी नाही. तिच्यातून तिने काही चांगल्यातल्या पिशव्या काढल्या, आणि मी खटका बंद ठेवून प्रत्येक जोड एकेका पिशवीत घालून वरून दोऱ्याने करकचून बांधला. खटका वर केला. दिवे लागले. आम्ही श्वास रोखून उभे राहिलो. आमटीला फोडणी देऊन होईपर्यंत दिवे राहिले, आणि मग खट्.

"पण मघापेक्षा जास्त वेळ राहिले!" बायको म्हणाली.

तिथेच आमचं चुकलं. आजाऱ्याला एका गोळीने थोडं बरं वाटलं म्हणून साऱ्या घराने त्याला गोळ्या भरवाव्यात, तसं त्या आठवड्यात झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही पिशवीवर पिशवी चढवली. तिसऱ्या दिवशी औषधवाल्यांनी दुकानातून जखमेला लावायची चिकटपट्टी आणली आणि पिशव्यांची तोंडं हवाबंद केली. फ्रीजवाल्यांनी बर्फात ठेवायच्या जाड पिशव्या आणल्या. "वारा शिरणार नाही," ते म्हणाले. वारा शिरला नाही. खटका मात्र पडतच राहिला, आणि आता तर आधीपेक्षा लवकर पडायला लागला. आमच्या घरावर माळा कमी आणि पिशव्याच जास्त दिसायला लागल्या. एका अनोळखी बाईंनी दारात थांबून, इथे काय विकत मिळतं, असं विचारलं.

आणि रोज संध्याकाळी समोरच्या खिडकीत काकू. बांधाबांध सोडून त्या खुर्चीवर येऊन बसायच्या. दिवे लागायचे, त्या पुढे सरकायच्या. खट् व्हायचं. मी कानटोपी न घालता, पायांत मिळेल ती चप्पल अडकवून, "आता काय झालं?" असं ओरडत बाहेर धावायचो आणि शिडी लावायचो. काकूंकडे बघण्याची मला लाज वाटायची. एक साधी गोष्ट मागितली होती बाईंनी. मुलाकडे गेल्यावर त्यांना काय दिसणार होतं? कुठल्या तरी इमारतीची भिंत. मी पिशव्या चाचपायचो आणि माझे कान थंडीने झोंबायचे, थोडे शरमेनेही.

वायरमनला बोलावलं. तो दिवसा आला. वायरमन दिवसाच येतात. छान ऊन पडलं होतं. त्याने बटण दाबलं, दिवे लागले, आणि त्याचा चहा संपला तरी लागलेलेच राहिले.

"चालतंय की," तो म्हणाला.

"संध्याकाळी पडतं."

"मग दिवसा लावा."

"दिवसा माळा लावून काय करू? दिसतील तरी का?"

"ते तुमचं बघा. लाइनमध्ये दोष नाही." त्याने वर पाहिलं. "पिशव्या मात्र झकास बांधल्यात. कोणी बांधल्या?"

मी खरंच सुखावलो. एवढ्या दिवसांत माझ्या कामाचं कौतुक करणारा तो पहिलाच माणूस होता.

बायको म्हणाली, वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन या. गेलो. खिडकीमागच्या बाई स्वेटर घालून, त्यावर शाल घेऊन बसल्या होत्या आणि पायांशी लाल तारांची शेगडी होती.

"वीज जाते?" त्यांनी विचारलं.

"हो, रोज संध्याकाळी."

"सगळ्या गल्लीची?"

"नाही, आमच्या एकट्याचीच."

"मग ती जात नाही. तुम्ही घालवता." त्यांनी शांतपणे पेनचं टोपण लावलं. "मीटरपर्यंत आमची जबाबदारी. मीटरनंतर तुमची."

"पण बाई, कोणी येऊन नुसतं बघितलं तरी..."

"तक्रार घेते की. पण वीज गेलेली असेल तेव्हा कळवा, म्हणजे माणूस पाठवता येईल."

"ती संध्याकाळी जाते आणि तुमचं ऑफिस त्याच्या आधी बंद होतं."

बाईंनी क्षणभर विचार केला. त्यांना माझी दया आली असावी. "दिवसा जाईल असं काही करता येत नाही का?" त्यांनी विचारलं.

मी परत आलो. एकाने सांगितलं दिवसा लावा, दुसरीने सांगितलं दिवसा घालवा. मी ऑफिसात बसून कागदावर घराचा नकाशा काढला आणि बाण मारले. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने, कुठल्या ट्रकचा अपघात आहे, असं विचारलं. मी कागद उलटा केला. मला खरोखर काहीच कळेनासं झालं होतं. ज्या गोष्टी करून खटका पडायचा थांबायला हवा त्या सगळ्या मी केल्या होत्या, आणि जितक्या जास्त केल्या तितका तो जास्त पडत होता.

शनिवार उजाडला. काकूंची शेवटची संध्याकाळ. दुपारी बायको त्यांना मदत करायला समोर गेली होती. ऊन कलताना ती परत आली ती तरातरा.

"पिशव्या कमी पडतायत," ती म्हणाली. "काकूंच्या बरण्या गुंडाळायच्यात. ह्या वरच्या द्या काढून."

"ह्या? अगं, ह्या काढल्या तर सगळं..."

"ह्यांनी काय उजेड पाडलाय आजवर? खटका बंद आहे ना? काढा!"

मी झुडपातल्या एका जोडावरची चिकटपट्टी सोडवली, दोरा तोडला आणि पिशवी उलटी केली. तिच्यातून पाणी पडलं. थेंब नव्हे, पाणी, माझ्या चपलेत. आम्ही दोघं त्या चपलेकडे बघत राहिलो. दुसरी पिशवी सोडली, तिच्यातही पाणी. औषधवाल्यांनी हवाबंद केलेलीत सगळ्यात जास्त.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "ओला कपडा पिशवीत बांधून ठेवला तर वाळतो का कधी?"

"नाही."

"मग हे जोड तुम्ही बांधून कशाला ठेवलेत?"

पिशव्यांची कल्पना कोणाची होती, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही प्रश्न माणूस तसेच गिळतो. दिवसभर उन्हाने आतल्या दमटपणाची वाफ व्हायची, संध्याकाळी गारठा पडला की तीच वाफ पाणी होऊन जोडावर ठिबकायची, असं काहीसं असावं. मला अजूनही ते धड समजावून सांगता येत नाही. आम्ही सगळ्या पिशव्या काढल्या आणि जोड जुन्या पंच्याने पुसले. मग बायकोने कपडे वाळत घालते त्याच हातखंडा पद्धतीने ते झुडपातून उचलून पत्र्याखाली आडोशाला उलटे टांगले, तोंडं खाली, म्हणजे पाणी आलं तरी निथळून जावं. तोवर अंधार पडायला लागला होता.

दिवे लागले. आणि राहिले.

आम्ही वाट पाहिली. फ्रीजवाले आले. औषधवाले दुकान लवकर बंद करून आले. दव पडायला लागलं, आमच्या तोंडातून वाफा यायला लागल्या, तरी दिवे होतेच. "थंडीशी जुळवून घेतलं तारेने," फ्रीजवाले म्हणाले. "म्हटलं नव्हतं, दोन दिवस बघू या?" औषधवाले म्हणाले. प्रत्येकाला आपापलं श्रेय मिळालं. मी रस्ता ओलांडला, काकूंना हात धरून बाहेर आणलं आणि त्यांची खुर्ची आमच्या फाटकासमोर मांडली. माझा ऊर भरून आला होता. आयुष्यात मी शब्द दिला आणि तो वेळेत पाळला, असे प्रसंग फार नाहीत.

काकू शाल लपेटून बसल्या. वर बघत राहिल्या. लाल, पिवळे, हिरवे, सगळे एका जागी स्थिर.

"छान आहेत हो," त्या म्हणाल्या.

"कसला त्रास दिला, काकू! पण आता हलायचे नाहीत. पहाटेपर्यंत असेच राहणार बघा."

"हो का?" काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "म्हणजे आता तुम्ही सगळे आत जाणार."

"थंडी आहे ना. तुम्हालाही आत सोडतो."

"बरोबर आहे. आता बाहेर यायला कारणच काय उरलं?"

त्या आवाजात काहीतरी होतं. मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो. "काकू, काही चुकलं का? काकांच्या वेळी वेगळे दिसायचे का?"

"मला काय माहीत, बाबा, कसे दिसायचे ते!" काकू म्हणाल्या. "लागलेले कधी बघितलेत? लागायचे की जायचे. रोज. ते ओरडत बाहेर पळायचे, 'आता काय झालं' म्हणून. शिडीवर चढायचे. मी खिडकीतून बॅटरी धरायची आणि मला ऐकू यावं असं ते त्या माळांना बोलायचे. तास न् तास. आत यायचे तेव्हा नाक लाल झालेलं असायचं." त्या जराशा हसल्या. "ह्या आठवड्यात मी रोज खुर्चीत बसत होते. तू अगदी तस्साच ओरडतोस रे."

म्हणजे गल्लीभर गाजलेली ती देखभाल ही होती. आणि मी जिच्या नजरेला नजर देत नव्हतो ती बाई दिवे बघायला बसतच नव्हती, ती मला बघत होती. आठवडाभर मी जे लपवू पाहत होतो, नेमकं तेच तिला हवं होतं, आणि मी मोठ्या पराक्रमाने ते दुरुस्त करून टाकलं होतं. मला रडू येत होतं की स्वतःचा राग, काही समजत नव्हतं.

मी उठलो. "आलोच हं, काकू," म्हणालो आणि आत गेलो. बोर्डापाशी उभा राहिलो. बाहेर फ्रीजवाले आणि औषधवाले, दिवे राहिले ते थंडीमुळे की थंडी असूनही, ह्यावर वाद घालत होते. त्यांच्यासमोर माझी अब्रू आज कुठे जरा वर आली होती. मी तिच्याकडे एकवार बघून घेतलं आणि खटका खाली ओढला.

खट्.

"आता काय झालं!" मी ओरडलो आणि बाहेर धावलो.

"म्हटलं होतं, तार आकसणार!" फ्रीजवाले आनंदाने ओरडले. "पुन्हा उलटलं," औषधवाले म्हणाले. मी शिडी लावली. वर चढून, काहीही बिघाड नसलेली पिन हलवली, माळेला दोन शब्द सुनावले. बायको दारात आली, एकदा बोर्डाकडे, एकदा काकूंकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. आत जाऊन बॅटरी घेऊन आली आणि ती माझ्यावर न मारता काकूंच्या हातात दिली.

बॅटरीचा झोत पत्र्यावर आला, मग माझ्या हातांवर स्थिर झाला. अंधारात काकूंचा चेहरा दिसत नव्हता. आवाज तेवढा आला, चांगला खणखणीत, गेल्या सहा-सात महिन्यांत मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता असा.

"अहो, किती वेळा सांगायचं? आधी कानटोपी घाला!"

मी शिडीवरून उतरलो, आत गेलो आणि कानटोपी घालून परत वर चढलो.